बर्फावरून डांबरावर: जव्हार-मोखाड्यात लाँगबोर्डची सुरुवात

गुलमर्गचा बर्फ एप्रिलपर्यंत ओसरतो आणि मुंबई-नाशिककडच्या स्नोबोर्डवाल्यांचे बोर्ड पुढचे आठ-नऊ महिने माळ्यावर जातात. बर्फापर्यंत जाता येत नाही तेव्हा तीच हौस डांबरावर भागवणारे साधन म्हणजे लाँगबोर्ड. ही स्केटबोर्डपेक्षा लांब आणि मोठ्या, मऊ चाकांची फळी. उड्या मारण्यासाठी नव्हे, उतारावरून वळणे घेत जाण्यासाठी केलेली. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून दीडेक हजार फुटांवर आहे. तिथून मोखाड्याकडे जमीन सारखी वर-खाली होत जाते आणि पाड्यापाड्याला छोटे डांबरी रस्ते गेलेले आहेत. म्हणून हा लेख त्या भागाला समोर ठेवून लिहिला आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. बर्फावर वळणे आणि थांबणे ही जवळजवळ एकच क्रिया असते. बोर्ड उताराला आडवा झाला की त्याची पोलादी धार, म्हणजे एज, बर्फ खरवडते आणि वेग आपोआप मरतो. चाकाला धार नसते. वळलेले चाकही फिरतच राहते. त्यामुळे तोल, नजर, उताराची भीती मोडणे, हे सगळे आपल्याकडे आयते असते, पण थांबणे मात्र येत नसते. नवख्या माणसाला निदान ते येत नसल्याची जाणीव असते. अनुभवी स्नोबोर्डवाल्याला ती नसते, आणि पहिल्याच दिवशी कोपर सोलून घेणारे बहुधा तेच असतात.

दोन्ही खेळ तसे एकाच घरातले. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लाटांवरच्या खेळाडूंनी, समुद्र शांत असताना करमणूक म्हणून, फळीला चाके लावली. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून ‘स्नर्फर’ केला, तो स्नोबोर्डचा पूर्वज. बाजूला तोंड करून उभे राहायचे, ही ठेवण दोघांनीही लाटेवरून उचलली आहे. म्हणून आपण बर्फावर डावा पाय पुढे ठेवत असाल तर इथेही डावाच ठेवा. उजवा असेल तर उजवा. हे नव्याने ठरवायचे कारण नाही.

फळी घेताना दुकानदार रंग दाखवतो, आपण खालचा भाग पाहायचा. फळी, म्हणजे डेक, ३८ ते ४१ इंच लांब असावी. ‘ड्रॉप-थ्रू’ प्रकार सुरुवातीला चांगला. त्यात चाकांचा आस फळीच्या खालून न बसवता फळीतल्या खाचेतून बसवतात, त्यामुळे फळी जमिनीला जवळ येते. फळी जेवढी खाली, तेवढे पाय टेकवून थांबणे सोपे. फळीवर उभे राहून हलकेच उसळी घेतली तर ती थोडी लवली पाहिजे, पण मध्ये जमिनीला टेकता कामा नये.

ट्रक म्हणजे फळीखालचा धातूचा सांधा. आपण फळी कलवली की तो चाकांना वळवतो. लाँगबोर्डसाठी साधारण १८० मिलिमीटर रुंदीचे ट्रक वापरतात. त्यात रबरासारख्या दोन गोल चकत्या असतात, त्यांना बुशिंग म्हणतात. वजन कमी असेल तर मऊ, जास्त असेल तर कडक. बहुतेक फळ्यांना मध्यम बुशिंग घातलेलेच येते. वजन ऐंशी किलोच्या पुढे असेल तर ते बदलून घ्या, नाहीतर फळी हलक्या कलानेही भसकन वळते.

चाक ७० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे घ्यावे. कडकपणाचे माप, म्हणजे ड्युरोमीटर, ‘७८ए’ ते ‘८०ए’ असावे. आकडा जितका लहान तितके चाक मऊ. सुरुवातीच्या स्केटबोर्डना पोलादाची किंवा मातीच्या मिश्रणाची कडक चाके असत आणि वाटाण्याएवढा खडाही माणसाला तोंडावर आपटायला पुरेसा होई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके आणली आणि हा खेळ खऱ्या अर्थाने रस्त्यावर चालू शकला. आपल्याकडच्या रस्त्यांवर मोठे आणि मऊ चाक ही चैन नव्हे, गरज आहे.

आता अंगावरचे. बर्फावरचे हेल्मेट इथे आणू नका. एक तर जव्हारच्या उन्हात त्यात डोके शिजते. दुसरे म्हणजे त्याच्या कानपट्ट्यांमुळे मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न नीट ऐकू येत नाही. सायकल किंवा स्केटिंगचे, हवेशीर आणि हनुवटीला घट्ट बसणारे हेल्मेट घ्या. गुडघ्यांना कडक वाटीची पॅड, मनगटाला आधारपट्टी आणि तळहातावर प्लास्टिकची चकती असलेले हातमोजे. हे महाग वाटले तर स्वस्तातली फळी घ्या, पण हातमोजे सोडू नका. बूट सपाट तळाचे हवेत. धावण्याच्या बुटांचा जाड फोम पायाखालचा रस्ता कळू देत नाही.

जागेची निवड ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि बर्फाची सवय इथेच सगळ्यात जास्त फसवते.

युरोपातल्या स्कीच्या उतारांमध्ये नवशिक्यांसाठीचा सोपा उतार २५ टक्क्यांपर्यंत असतो, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पंचवीस मीटर खाली. त्याच्याशी आपल्या घाटरस्त्याची तुलना करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार डोंगराळ भागातल्या रस्त्याचा उतार शक्यतो ५ टक्क्यांत बसवतात आणि अगदी नाइलाज असेल तिथे ७ टक्क्यांपर्यंत नेतात. बर्फावर पाच टक्क्यांचा उतार म्हणजे बोर्ड अडकून बसण्याची जागा. तिथे आपण वैतागून बाइंडिंग, म्हणजे पाय बोर्डाला बांधणारे पट्टे, सोडतो आणि चालू लागतो. डांबरावर तोच उतार लांब असेल तर नुसते सरळ उभे राहूनही वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. तेव्हा ‘हा तर सपाटच आहे’ असे डोळ्यांनी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ते डोळे गुलमर्गच्या अफरवाट डोंगराच्या उतारांवर तयार झालेले आहेत.

मोबाइलमध्ये पातळी मोजायची सोय असते. फळी रस्त्याच्या दिशेने ठेवा, तिच्यावर फोन ठेवा आणि अंश वाचा. एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के. पहिले काही दिवस एका अंशाच्या पुढे जाऊ नका. उतार कुठून सुरू होतो यापेक्षा तो कुठे संपतो ते पाहा. शेवटी रस्ता सपाट होत असेल किंवा थोडा चढत असेल, तर चुकलात तरी फळी स्वतःच थांबते. शेवटी वळण, पूल किंवा मोठा रस्ता असेल तर ती जागा सोडून द्या, डांबर कितीही गुळगुळीत असो.

मग जव्हार-मोखाड्यात नेमके कुठे जायचे? जव्हार ते मोखाडा आणि पुढे त्र्यंबकेश्वरकडे जाणारा मुख्य रस्ता नको. त्यावर एसटी, ट्रक, प्रवासी जीप अखंड चालू असतात. मोखाड्याच्या पुढे त्र्यंबकच्या वाटेवर लागणारा तोरंगण घाट तर चारचाकीवाल्यांनाही जपून उतरावा लागतो. जव्हारच्या हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंटकडे सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची दाटी असते. आपल्याला हवा आहे एखाद्या पाड्यापाशी जाऊन संपणारा रस्ता, जिथून पुढे कुठे जायचे नसल्यामुळे वाहने मोजकीच येतात.

असा रस्ता ओळखायची एक सोपी खूण आहे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचे डोके पाहा. पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्यमार्ग. नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता, बहुधा २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. नारिंगी दगडाच्या रस्त्यांमध्ये शोधा. डांबरही पारखून घ्या. वरचा थर ‘कार्पेट’चा, बारीक आणि एकसारखा असेल तर उत्तम. नुसती खडी दाबून वर डांबर मारलेले असेल तर पायांना मुंग्या येतात आणि हातमोजे दुप्पट वेगाने झिजतात. काँक्रीटचा रस्ता गुळगुळीत दिसतो, पण त्याच्या सांध्यांतल्या फटी आधी पायी चालून बघा.

चालून बघणे हे तर प्रत्येक वेळी करायचेच. कडेचा मुरूम पावसाने आणि जनावरांच्या खुरांनी रस्त्यावर आलेला असतो. ओले शेण असते, सुगीच्या दिवसांत कुठे धान्य वाळत घातलेले असते. बर्फात असले काही नसते, म्हणून बर्फावरचा माणूस खाली बघतच नाही. वर चढताना फळी हातात घेऊन कडेने चाला आणि खडे पायाने बाजूला सारत जा. उतरताना कुठून जायचे ते तेव्हाच ठरते.

ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची डांबरी रुंदी साधारण पावणेचार मीटर असते, काही ठिकाणी तीनच. बर्फावर आपल्याला याच्या दसपट मोकळीक असते आणि वेग वाढला की लांब आडवे जाऊन तो घालवायची सवय असते. इथे आडवे जायला जागाच नाही. शिवाय पुढून गाडी आली तर डाव्या अर्ध्यात, म्हणजे दोन मीटरांपेक्षाही कमी जागेत, यावे लागते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांची छाती रस्त्याच्या मध्याकडे असते, त्यांना मागचे-पुढचे दोन्ही दिसते. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांची पाठ रहदारीकडे येते. त्यांनी मागे वळून पाहण्याचा सराव आधी सपाटीवर करावा. दोघांनीही खाली वळणावर एक माणूस शिट्टी देऊन उभा करावा. एकट्याने जाऊ नये.

रस्ता आपला नाही, हेही ध्यानात असू द्या. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून, काय करणार आहोत ते सांगून मग सुरुवात करा. मार्च ते मे या काळात मोखाड्याकडच्या अनेक पाड्यांवर पाण्याची टंचाई असते आणि सकाळी याच रस्त्यांवरून बायका डोक्यावर हंडे घेऊन येत-जात असतात. हंडा डोक्यावर असलेल्या बाईला चटकन बाजूला होता येत नाही. बोहाडा या सोंगांच्या उत्सवाच्या दिवसांत रात्रभर सोंगे पाहून लोक पहाटे घरी परतत असतात. अशा वेळी फळी काखेत घ्यायची आणि चालायचे. मुले मात्र जमणारच. बेअरिंगच्या चाकांची लाकडी गाडी करून उतार उतरणे महाराष्ट्रातल्या पोरांना आपल्या आधीपासून ठाऊक आहे, आणि कुठला उतार पळतो ते विचारायचे तर त्यांनाच विचारावे.

आता फळीवर चढू या. पहिल्यांदा गवतावर किंवा मातीवर, जिथे चाके फिरणार नाहीत. पुढचा पाय पुढच्या स्क्रूंच्या थोडा मागे, साधारण ४५ अंशांत. मागचा जवळजवळ आडवा. गुडघे सैल. पाय बांधलेले नाहीत, याची पहिल्या तासात सारखी आठवण होईल. बर्फावर आपण नकळत पायाने बोर्ड वर खेचत असतो. इथे तसे खेचले की पाय उचलला जातो आणि फळी आपल्या वाटेने निघून जाते. दाब फक्त खालीच द्यायचा.

मग ढकलणे. गुलमर्गला गोंडोलाच्या रांगेपर्यंत जाताना मागचा पाय बाइंडिंगमधून सोडवून आपण ढकलत गेलेलो असतो. तीच क्रिया, फक्त पुढच्या पायाची बोटे पुढे वळवायची आणि सगळे वजन त्याच पायावर ठेवायचे. मागचा पाय फळीजवळून सरळ मागे जाऊ द्या. तो बाहेरच्या बाजूला गेला की फळी उलट बाजूला वळते, आणि मग माणूस तोल सावरत गोल फिरत राहतो.

यानंतर लगेच थांबणे, वळण्याच्या आधी. पायाचा ब्रेक असा लावतात: पुढचा पाय ढकलताना असतो तसा सरळ करा, पूर्ण वजन त्यावर घ्या, गुडघा वाकवा. मागचा पाय फळीच्या बाजूला सोडा आणि तळवा अख्खा, सपाट, हलकेच डांबराला टेकवा. आधी नुसता घासू द्या. मग हळूहळू दाब वाढवा. वजन शेवटपर्यंत पुढच्याच पायावर.

इथे चार ठिकाणी बिघडते. टाच आधी टेकली तर पाय अडकतो आणि शरीर पुढे जाते. घाईने वजन ब्रेकच्या पायावर टाकले तर फळी पुढे निसटते. ड्रॉप-थ्रू फळीची चाके बाहेर आलेली असतात, पाय फार मागे पडला तर तो मागच्या चाकावर चढतो. आणि नजर पायाकडे गेली की खांदेही तिकडे वळतात. खांदे वळले की फळी वळते, हे तर आपल्याला बर्फानेच शिकवलेले आहे. धावत जाण्याच्या वेगावरून सात-आठ पावलांच्या अंतरात, प्रत्येक वेळी, न अडखळता थांबता येईपर्यंत उताराकडे जाऊ नका. दोन दुपारी गेल्या तरी जाऊ द्या.

थांबता येऊ लागले की वळणे, आणि इथे आपली कमाई दिसू लागते. बोटांच्या बाजूला झुका, टाचांच्या बाजूला झुका, दोन्हींच्या मध्ये गुडघ्यांनी वर या. एकामागून एक गोल वळणे घेण्याच्या या चालीला कार्व्हिंग म्हणतात आणि बर्फावर स्वच्छ कार्व्हिंग करणाऱ्याला इथे दहा मिनिटांत घरी आल्यासारखे वाटते. अडचण इतरांची होते. आपल्यापैकी बरेच जण बर्फावर खरे कार्व्हिंग करतच नाहीत, मागच्या पायाने बोर्डाची शेपूट बाजूला फेकून घसरत वळतात. ते बर्फावर खपते. कमी वेगात मऊ चाकांवर तसे केले तर चाके डांबराला घट्ट धरतात, फळी जागच्या जागी थांबते आणि आपण उताराच्या बाजूला फेकले जातो. एज अडकून पडण्याचा अनुभव असेल तर हे तेच, फक्त खाली बर्फ नाही. मागचा पाय शांत ठेवा. वळण पुढच्या खांद्याने आणि पुढच्या गुडघ्याने सुरू करा.

गुलमर्गवाल्यांना आणखी एक खास अडचण येते. तिथल्या खोल, ताज्या भुसभुशीत बर्फात बोर्डाचे टोक वर राहावे म्हणून वजन मागे घ्यायची सवय लागते. डांबरावर वजन मागे गेले की मागचा ट्रक स्वतःच दिशा देऊ लागतो आणि वेगात फळी डावी-उजवी थरथरते. याला वॉबल म्हणतात. वॉबल सुरू झाला की आपण घाबरून ताठ होतो आणि त्याने तो वाढतो. निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायावर घ्या, गुडघे वाकवा, घोटे सैल सोडा, दूर बघा. त्या क्षणी पाय खाली टाकून ब्रेक मारू नका. थरथर थांबू द्या, मग ब्रेक. ट्रकचा मुख्य नट फार सैल असेल तर तो अर्धा फेरा आवळून पाहा.

पडणे शिकावे लागते. बर्फावर आपण ढुंगणावर किंवा पाठीवर पडायला शिकलो, इथे पुढे पडायचे: आधी गुडघ्यांची पॅड, मग हातमोज्यांच्या चकत्या, आणि घसरत जायचे. सपाटीवर चार-सहा वेळा मुद्दाम करून पाहा. वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या आत असेल तर फळी सोडून धावत उतरणे हा सगळ्यात चांगला उपाय. त्याहून जास्त असेल तर पाय शरीराबरोबर पुरत नाहीत.

यानंतर उतार अर्ध्या अर्ध्या अंशाने वाढवा. नव्या उताराच्या माथ्यावरून कधी सुरुवात करू नका. तळापासून वीस पावले वर चढा, उतरा, थांबा. मग चाळीस पावले. माथ्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेतला प्रत्येक खड्डा आपल्या ओळखीचा झालेला असतो. वेग वाढला असे वाटले की ताठ उभे राहा आणि हात पसरा. वाऱ्याचा अडथळाही उपयोगी पडतो.

फळी आडवी घसरवून थांबण्याची, म्हणजे स्लाइडची, ओढ आपल्याला लवकर लागेल, कारण ती बर्फावरच्या थांबण्यासारखी दिसते. हात जमिनीवर टेकवून करायची कोलमन स्लाइड ही त्यातली पहिली. तिला चकतीचे हातमोजे, कडक आणि गोल कडांची चाके आणि चांगला वेग लागतो, म्हणून ती जाणकार माणूस सोबत असतानाच शिकावी. आणि घाटात उतरायचे तर रस्ता दोन्ही बाजूंनी अधिकृतपणे बंद असेल तेव्हाच. चालू रहदारीच्या घाटात जाणारा कितीही तरबेज असला तरी माझ्या मते तो शहाणा नव्हे.

लागलेच काही तर जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे आणि मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. पाड्यांकडच्या रस्त्यांवर फोनला रेंज कुठे मिळते ते आधी पाहून ठेवा, आणि सोबतच्याला दुचाकी किंवा गाडी चालवता येत असली पाहिजे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, सकाळचा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी डांबर पाझरते आणि चाकांना चिकटते. जूनपासून या भागात पाऊस असा कोसळतो की सप्टेंबर संपेपर्यंत फळीला हात लावू नये. ओल्या रस्त्यावर चाके धरत नाहीत, पायाचा ब्रेकही लागत नाही.

पावसाआधी बेअरिंग, म्हणजे चाकातल्या छऱ्यांच्या कड्या, काढून साफ करा. बाजूची झाकणे टाचणीने अलगद उचला, कड्या रॉकेलमध्ये हलवा, कापडावर रात्रभर वाळू द्या, मग प्रत्येकीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. झाकणे दाबून बसवा, चाक बोटाने फिरवून ऐका. खरखर आली तर ती कडी बदला. ‘६०८’ क्रमांकाची बेअरिंग हार्डवेअरच्या दुकानातही मिळते.